'घरी' आणि 'घरात' : बेर्त मोरिझो यांच्या 'पाळणा' या चित्राचे एक भाषिक वाचन

१

भोर वा वेल्हे भागातील एखाद्या वाडीत दुपारच्या वेळी दाराशी उभे राहून घरच्या बाईची चौकशी केली, तर 'घरी हाय, पण घरात न्हाई. गोठ्याकडं गेलीया' अशा स्वरूपाचे उत्तर मिळणे मुळीच अस्वाभाविक नाही. ऐकणाऱ्यास त्यात कोणतीही विसंगती भासत नाही. परंतु व्याकरणाच्या रूढ मांडणीकडे पाहिले, तर हे वाक्य काहीसे अडचणीचे ठरते. दादोबा पांडुरंग यांच्यापासून चालत आलेल्या परंपरेत 'त', 'ई' व 'आ' हे तिन्ही सप्तमीचे प्रत्यय म्हणून एकाच कोष्टकात दिलेले असतात व तिन्हींचा अर्थ अधिकरण असा सांगितला जातो. 'घरी' आणि 'घरात' ही दोन्ही रूपे जर एकाच अर्थाची असतील, तर वरील उत्तरात एकाच गोष्टीचा स्वीकार व नकार एकाच दमात झाला, असे म्हणावे लागेल. बोलणाऱ्यास तसे अभिप्रेत नाही, हे उघड आहे. भेद अर्थातच आहे, आणि तो सूक्ष्म असला तरी संदिग्ध नाही.

या भेदाचा विचार प्रस्तुत लेखात एका चित्राच्या आधारे केला आहे. हे चित्र फ्रेंच आहे आणि त्याचा विषय आहे घराच्या अंतर्भागातील एक शांत क्षण. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने चित्राकडे का वळावे, असा प्रश्न येथे संभवतो. ज्या चित्रसंप्रदायात हे चित्र मोडते, त्याच्या मराठी नावातच 'प्रत्यय' हा शब्द आहे, हे त्याचे एक उत्तर होय. दुसरे उत्तर असे, की घराच्या आतील उजेडाविषयी बोलताना मराठी भाषक जे शब्द सहज वापरतो, ते या चित्रांच्या आकलनास पारिभाषिक संज्ञांइतकेच, किंबहुना काही ठिकाणी त्यांहून अधिक, उपयोगी पडतात.

२

प्रथम प्रत्ययांच्या वाटणीचा विचार करू. 'त' हा प्रत्यय आजच्या मराठीत सर्वत्र लागतो : घरात, खोलीत, विहिरीत, पेटीत, मुठीत. त्याचा उगम 'अंतः' या संस्कृत शब्दापासून आलेल्या 'आंत' या रूपात आहे, असे सामान्यतः मानले जाते. ज्याला आतबाहेर असते, सीमा असते, अशा वस्तूशी हा प्रत्यय जुळतो. 'ई' या प्रत्ययाची स्थिती वेगळी आहे. जुन्या मराठीत तो 'घरीं' असा सानुस्वार लिहिला जाई. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनंतर तो अनुस्वार लेखनातून गेला. जुन्या भाषेत मोकळेपणाने वावरणारा हा प्रत्यय आज मोजक्या शब्दांपुरता उरला आहे. 'खोलीत' या अर्थी 'खोली' म्हणता येत नाही. 'माजघरात' असेच म्हणावे लागते, 'माजघरी' असे कोणी म्हणत नाही.

हे मोजके शब्द कोणते, हे पाहणे उद्बोधक आहे. घरी, दारी, गावी, शेजारी, माहेरी, सासरी हा एक गट. सकाळी, दुपारी, सायंकाळी, रात्री हा दुसरा गट. हाती, पायी, तोंडी हा तिसरा. पहिल्या गटातील स्थळे भिंतींनी सिद्ध होत नाहीत, नात्यांनी सिद्ध होतात. माहेर ही काही विशिष्ट आकाराची वास्तू नव्हे; शेजार मोजता येत नाही. दुसरा गट वेळांचा आहे, तिसरा शरीराचा. थोडक्यात, माणसाचे नाते, माणसाची वेळ आणि माणसाचा देह यांच्या ठायी हा जुना प्रत्यय तग धरून राहिला आहे.

कसोटी म्हणून काही वाक्ये घेता येतील. 'पडक्या घरात साप निघाला' हे वाक्य निर्दोष आहे. 'पडक्या घरी साप निघाला' हे कानाला खटकते. मात्र 'आमच्या घरी साप निघाला' यात काहीच खटकत नाही. याचा अर्थ असा, की 'घरी' या रूपाला घर कोणाचे तरी असावे लागते. तसेच 'तो रात्री आला' आणि 'त्याने एका रात्रीत काम उरकले' या वाक्यांतील भेद पाहावा. 'रात्रीत' म्हटले की रात्र ही दोन टोके असलेले एक पात्र ठरते व त्यात काम मावते. 'रात्री' म्हटले की रात्र केवळ भोवती असते. 'घरात' व 'घरी' यांतील भेद याच जातीचा आहे. 'घरात' हे अवकाशाचे विधान आहे, 'घरी' हे संबंधाचे. गोठ्याकडे गेलेली बाई भिंतींच्या आत नाही, परंतु तिचा घराशी असलेला संबंध तुटलेला नाही. म्हणून ती घरी आहे.

३

आता चित्रसंप्रदायाकडे वळू. पॅरिस येथे १८७४ च्या एप्रिल महिन्यात, नादार या छायाचित्रकाराच्या पूर्वीच्या चित्रशाळेत, सुमारे तीस कलावंतांनी अधिकृत प्रदर्शनाची वाट सोडून स्वतंत्र प्रदर्शन भरविले. त्यात क्लोद मोने यांचे सूर्योदयाचे एक चित्र होते व त्याच्या नावात 'इंप्रेशन' हा शब्द होता. लुई लरुआ या टीकाकाराने 'ल शारिवारी' या पत्रात तो शब्द उपहासाने उचलला आणि सर्व मंडळींना तेच नाव चिकटविले. पुढे उपहास गेला, नाव राहिले.

मराठीत या संप्रदायाला 'दृक्‌प्रत्ययवाद' ही संज्ञा रूढ झाली आहे. मूळ शब्दाचा नुसता अर्थ पाहिला तर 'ठसा' वा 'छाप' असे प्रतिशब्द सुचतात. परंतु ठसा टिकाऊ असतो आणि या चित्रकारांना टिपावयाचे होते ते न टिकणारे. त्या दृष्टीने 'प्रत्यय' ही निवड चांगली झाली. दर्शनशास्त्रात प्रत्यय म्हणजे बोध. मराठी व्यवहारात 'प्रत्यय येणे' म्हणजे स्वतः अनुभवास येणे. आणि व्याकरणात प्रत्यय म्हणजे प्रकृतीला लागून तिचे रूप व अर्थ पालटणारा, पण स्वतः एकटा न उभा राहणारा घटक. हा तिसरा अर्थ संज्ञा घडविणाऱ्यांच्या मनात असण्याची आवश्यकता नाही. तरीही तो येथे चपखल बसतो. या चित्रांत उजेड हा वस्तूंना प्रत्ययासारखा लागतो. गवताची गंजी तीच, पण सकाळची वेगळी व सायंकाळची वेगळी. प्रकृती एक, रूपे अनेक. मोने यांच्या चित्रमालिका हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

या संप्रदायाची ख्याती नदीकाठ, उद्याने, रस्ते अशा बाहेरच्या दृश्यांमुळे झाली. घराच्या आतील चित्रे त्या मानाने कमी चर्चिली गेली. परंतु १८७४ च्या त्याच प्रदर्शनात घराच्या आतील एक चित्र होते आणि ते प्रदर्शनात सहभागी झालेल्या एकमेव स्त्रीचे होते.

४

बेर्त मोरिझो (१८४१–१८९५) यांनी 'पाळणा' हे तैलचित्र १८७२ साली काढले. ते सुमारे ५६ सेंटिमीटर उंच व ४६ सेंटिमीटर रुंद, म्हणजे आकाराने लहानच आहे. प्रदर्शनात ते विकले गेले नाही; दीर्घकाळ कुटुंबातच राहिले, १९३० साली लूव्र संग्रहालयाने ते घेतले व आज ते पॅरिसच्या म्यूझे दॉर्से येथे आहे.

चित्रात डावीकडे एक तरुण आई बसली आहे. तिचा पोशाख गडद आहे, गळ्याशी काळी फीत आहे. एका हातावर तिने गाल टेकला आहे व दुसऱ्या हाताची बोटे पाळण्यावरील झिरझिरीत आच्छादनाच्या कडेशी आहेत. उजवीकडे, त्या आच्छादनामागे, मूल निजले आहे. मुलाचा एक हात डोक्याकडे दुमडलेला आहे आणि आईच्या दुमडलेल्या हाताशी त्याचे साम्य आहे. आईच्या दृष्टीची रेषा तिरकी खाली उतरत मुलाच्या मिटलेल्या डोळ्यांपर्यंत जाते. मागे पडदा आहे. याखेरीज चित्रात काहीही घडत नाही.

या चित्रात दोन गोष्टी विशेष लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे खोलीचा जवळजवळ अभाव. छत दिसत नाही, जमीन दिसत नाही, भिंतीचा कोपरा दिसत नाही. खोलीची लांबीरुंदी पाहणाऱ्यास सांगता येणार नाही. घराच्या अंतर्भागाचे चित्र म्हटले की भिंती, फरसबंदी व खिडक्या यांच्या रेषा एका बिंदूकडे नेऊन अवकाश सिद्ध करावयाचा, ही पाश्चात्य चित्रकलेतील जुनी रीत. मोरिझो यांनी तो मार्ग येथे घेतलेला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे चित्राचा मोठा भाग त्या पातळ आच्छादनाने व्यापला आहे. पांढऱ्या रंगात निळसर, करड्या, गुलाबी छटा मिसळून ते रंगविले आहे. ते मुलाला झाकते आणि दाखवितेही. उजेड त्यावर येऊन थांबतो व गाळून पलीकडे जातो.

व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर या चित्रात 'त' नाही, 'ई' आहे. आई आणि मूल कोणत्या चौकटीच्या आत आहेत, हे चित्र सांगत नाही. ती दोघे घरी आहेत, हे मात्र क्षणभरही संशयास्पद राहत नाही. हा बोध ज्या साधनांनी होतो ती दोन आहेत : दोन देहांमधील नाते आणि एका विशिष्ट वेळेचा उजेड. 'ई' या प्रत्ययाने आजच्या मराठीत ज्या शब्दांपाशी आश्रय घेतला आहे, ते शब्दही नाते, वेळ व देह यांचेच आहेत. भाषा व चित्र यांचा येथे काही ऐतिहासिक संबंध आहे, असे सुचविण्याचा हेतू नाही. 'घर' या अनुभवाचे घटक दोन्हीकडे सारखेच निवडले गेले आहेत, एवढेच दाखवावयाचे आहे.

तुलनेसाठी महाराष्ट्रातील एका सुपरिचित चित्राचा उल्लेख करता येईल. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात आहे. 'ग्लो ऑफ होप' या नावाने ते ओळखले जाते. चित्रकाराची कन्याच त्यासाठी उभी राहिली होती. तेथे उजेडाचा उगम एकच, तो म्हणजे दिवा. तळहाताच्या आडून तो चेहरा व वस्त्र उजळतो आणि बाकी सर्व काळोख आहे. हे दिवेलागणीचे चित्र आहे. मोरिझो यांच्या चित्रात उजेडाचा उगम थेट दिसत नाही. तो कोणाच्या हातात नाही, सर्वत्र आहे. हळदणकरांच्या चित्राची वास्तवदर्शी शैली व दृक्‌प्रत्ययवाद यांतील अंतर उजेडाच्या या दोन वृत्तींवरून विद्यार्थ्यास सहज स्पष्ट करता येते.

५

उजेडाच्या या वृत्ती ओळखण्यास भोर-वेल्ह्याकडील जुने घर ही एक चांगली शाळा आहे. तोरणा व राजगड यांच्या परिसरातील खोरी, तसेच नीरा व वेळवंडी यांची खोरी ही मुसळधार पावसाची व भाताची आहेत. तेथील जुन्या शेतकरी घराचे छप्पर उतरते, वळचण खाली आलेली, भिंती जाड, खिडक्या नाहीत अथवा अगदी लहान. पुढे ओटा वा पडवी, आत माजघर, तेथेच वा त्याला लागून चूल. पुष्कळ ठिकाणी गोठाही त्याच छपराखाली. 'माजघर' या शब्दातील 'माज' हा 'मध्य' या शब्दाचा प्राकृत 'मज्झ' या रूपातून आलेला वंशज होय. घराचा हा मध्य उजेडापासून सर्वांत दूर असतो. भोरच्या राजवाड्यासारख्या वास्तूंत चौकामुळे आकाशच घराच्या मध्यभागी उतरविलेले असते. शेतकऱ्याच्या घरात मात्र उजेड दारातून येतो, आणि कौले सरकली असतील तर वरून.

अशा घरात उजेडाचे प्रकार शब्दांनी निरनिराळे केले जातात. 'ऊन' हा शब्द 'उष्ण' पासून आला आहे. म्हणजे मुळात तो डोळ्यांचा शब्द नव्हे, त्वचेचा आहे. म्हणूनच ऊन 'लागते', हिवाळ्यात माणसे ऊन 'खातात'. उजेड लागत नाही व कोणी खात नाही. तो केवळ 'येतो' वा 'पडतो'. ऊन ओट्यापर्यंत येऊन थांबते, उजेड माजघरापर्यंत पोचतो. छपराच्या फटीतून आत येऊन जमिनीवर वा भिंतीवर उमटणारा उन्हाचा लहानसा तुकडा म्हणजे 'कवडसा', आणि तिरपा येणारा किरण म्हणजे 'तिरीप'. दिवस चढतो तसा कवडसा सरकतो व घड्याळ नसलेल्या घरात तो वेळही सांगतो. ढगांनी उजेड मावळला की 'झाकोळते'. प्रतिच्छायेवरून आलेली 'पडछाया' आणि 'सावली' यांतही भेद आहे. सावलीत बसता येते, पडछायेत बसता येत नाही.

हा शब्दसंग्रह हाताशी घेऊन 'पाळणा' या चित्राकडे पुन्हा पाहावे. त्यात ऊन नाही, कवडसा नाही, तिरीप नाही. पडद्याने व आच्छादनाने उन्हाचा उष्णपणा काढून घेतला आहे आणि उरला आहे तो उजेड. निजलेल्या मुलाला हवा असतो तो एवढाच. 'विसरित प्रकाश' अशी पारिभाषिक संज्ञा वापरून हेच सांगता येईल. परंतु ती संज्ञा उन्हाला उजेडात रूपांतरित करणाऱ्या आईच्या हाताचा पत्ता लागू देत नाही.

वेल्ह्याकडील घरात पाळण्याची जागा बहुधा झोळी घेते. जुने, वापरून मऊ झालेले लुगडे वाशाला वा तुळईला बांधले की झोळी तयार होते. तिच्यातही कापडातून गाळलेला उजेडच मुलापर्यंत पोचतो, व त्यात आईच्या लुगड्याचा रंग उतरतो. मात्र एक मोठा फरक आहे. मोरिझो यांच्या चित्रातील आई बसली आहे, आणि तिच्याजवळ बसावयास वेळ आहे. झोळीची दोरी ओढणाऱ्या बाईचे दुसरे हात-काम त्याच वेळी चालू असते. तिचे तसे स्थिर चित्र कोणी काढले असते, तर ते कदाचित खोटे ठरले असते. तिच्या घरच्या एकांताचे चित्रण झाले ते ओवीत, पहाटेच्या काळोखात, जात्याच्या घरघरीसह. हेमा राईरकर व गी प्वातव्हॅं यांनी १९८० च्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात व पुढे अन्यत्र जात्यावरच्या ओव्यांचे संकलन केले. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. घराच्या अंतर्भागाविषयी स्त्रियांनी स्वतः केलेले एवढे विस्तृत निवेदन क्वचितच कोठे आढळेल.

६

'घरी' या रूपाची येथवर दिसलेली बाजू प्रसन्न आहे. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि तीही याच चित्रात आहे.

चित्रातील आई ही चित्रकर्तीची थोरली बहीण एडमा होय, व मूल म्हणजे एडमाची कन्या ब्लांश. या दोघी बहिणी एकत्रच चित्रकला शिकल्या. लूव्रमध्ये जाऊन दोघींनी जुन्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या, कोरो यांचे मार्गदर्शन दोघींनी घेतले, आणि १८६४ च्या अधिकृत प्रदर्शनात दोघींची चित्रे लागली. चित्र रंगविण्यात गढलेल्या बेर्तचे व्यक्तिचित्रही एडमाने काढले आहे. १८६९ साली एडमाचा विवाह एका नौदल अधिकाऱ्याशी झाला व तिची चित्रकला जवळजवळ थांबली. विवाहानंतर बहिणीला लिहिलेल्या पत्रांतून चित्रशाळेची तिची ओढ व्यक्त झालेली आहे. तीन वर्षांनी बेर्तने 'पाळणा' काढला. म्हणजे या चित्रात एक चित्रकर्ती दुसऱ्या, थांबलेल्या चित्रकर्तीकडे पाहत आहे. आणि ती थांबलेली चित्रकर्ती मुलाकडे पाहत आहे. आईच्या चेहऱ्यावरील भाव वात्सल्याचा आहे, विचारमग्नतेचा आहे, की थकव्याचा, हे ठरविणे कठीण जाते, याचे कारण कदाचित येथे असावे.

मराठीत 'ती काय करते?' या प्रश्नाला 'ती घरीच असते' असे उत्तर दिले जाते. येथे 'घरी' या शब्दाचा अर्थ 'काही करीत नाही' असा होतो. भाताची लावणी करणारी, डोक्यावर पाणी वाहणारी, गुरे सांभाळणारी, पोर झोळीत घालून चूल पेटविणारी बाईसुद्धा या उत्तरात 'घरीच' असते. जो प्रत्यय संबंध व्यक्त करतो, तोच कष्ट झाकतो. घराशी संबंध आहे एवढे सांगितले, की त्या संबंधापोटी काय करावे लागते, हे सांगण्याची गरज भाषेला उरत नाही. पाळण्यावरील आच्छादनासारखेच हे रूप दाखवितेही आणि झाकतेही. एडमाविषयी १८७२ साली विचारणा झाली असती, तर मराठीत तिचे उत्तर याच दोन शब्दांत दिले गेले असते.

चित्राची थोरवी अशी, की ते हे दोन्ही अर्थ सोडवून वेगळे करीत नाही. उजेड सौम्य आहे, पोशाख गडद आहे, आणि दोन्ही एकाच माणसाच्या ठायी आहेत.

७

भोर-वेल्ह्याकडील ज्या घरांचा वर उल्लेख केला, ती झपाट्याने पालटत आहेत. काही फार पूर्वीच गेली : १९२८ साली पूर्ण झालेल्या भाटघरच्या धरणाने वेळवंडीच्या खोऱ्यातील जमिनी व वस्त्या पाण्याखाली घेतल्या, आणि १२ जुलै १९६१ रोजी फुटून पुण्यात हाहाकार उडविणारे पानशेतचे धरणही याच मुलखातले. उरलेल्यांपैकी अनेकांच्या जागी विटा-सिमेंटची, रुंद खिडक्यांची घरे उभी राहिली आहेत. काळोख्या माजघरात धुरात डोळे चोळीत काढलेल्या आयुष्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. खिडकी ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु कौलच नसेल तर कवडसा पडणार कोठून? वस्तू गेली की तिच्याबरोबर शब्द जातो, व शब्द गेला की भेद पाहण्याची सवय जाते.

यास्तव पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे एक काम आहे. भोर व वेल्हे भागातील निवडक गावांतून, विशेषतः वयस्क स्त्रियांकडून, घराच्या भागांची व घरातील उजेडाची नावे प्रत्यक्ष संभाषणातून नोंदवावीत. केवळ नामे न टिपता त्यांबरोबर येणारी क्रियापदे व प्रत्ययही टिपावेत. 'ई' हा सप्तमी प्रत्यय आणखी कोणत्या शब्दांना त्या बोलीत लागतो, धरणामुळे उठलेल्या कुटुंबांत 'गावी' हे रूप कोणत्या गावासाठी वापरले जाते, आणि 'घरी असते' या शब्दप्रयोगाला स्त्रिया स्वतः कोणता पर्याय देतात, हे प्रश्न त्यात असावेत. विचारणा दुपारी करावी हे बरे. त्या वेळी बाई घरी असते. घरात असेलच असे नाही.